एका सत्राचा जमाखर्च

प्रत्येक सत्राच्या अखेरीस शाळेचा अहवाल लिहिला जातो. किती स्पर्धांत भाग घेतला, किती पारितोषिके मिळाली, कोण पाहुणे आले, सहली कोठे गेल्या, निकाल किती टक्के लागला, हे सारे त्यात क्रमाने येते. आपल्या निवासी शाळेत स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी मुख्याध्यापक हा अहवाल वाचत आणि आम्ही सतरंजीवर मांडी घालून, त्यात आपले नाव येते का, याकडे कान लावून बसत असू. आज मी पुण्याजवळच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत इतिहास शिकवते. तेथेही सत्र संपताना अहवाल निघतो. तो गुळगुळीत कागदावर रंगीत छापला जातो, एवढाच फरक. मुलांचे कान मात्र तसेच आपल्या नावाकडे लागलेले असतात.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला त्या शाळेविषयी लिहिण्यास सांगितले, त्याला एक कारण आहे. मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात दोन सूचना पुढे आल्या होत्या. आपल्या शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द घालावा, म्हणजे प्रवेश वाढतील आणि मुलांना पुढे मान मिळेल, ही पहिली सूचना. वर्षभराचे कार्यक्रम कमी करून तो वेळ स्पर्धा परीक्षांच्या तयारीला द्यावा, ही दुसरी. दोन्ही सूचना आस्थेपोटीच आल्या होत्या. त्या मांडणाऱ्यांपैकी काही जण माझ्याच पंगतीला जेवलेले आहेत. त्यांवर निर्णय होण्यापूर्वी, ज्या प्रकारच्या शाळेचे नाव आपण घेऊ पाहतो आहोत, तेथील एक सत्र प्रत्यक्षात कसे जाते, त्यात काय जमा होते आणि काय खर्ची पडते, हे आपल्यासमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते आणि डिसेंबरच्या मध्यास संपते. या साडेचार महिन्यांत शाळेला श्वास घ्यायला फुरसत नसते. स्वातंत्र्यदिनाचे ध्वजवंदन झाले, की बारावीच्या मुलांची परदेशी विद्यापीठांसाठी धावपळ सुरू होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज जावे लागतात, अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते. त्याच सुमारास या मुलांना चार हजार शब्दांच्या मर्यादेतला शोधनिबंध पूर्ण करायचा असतो. विषय ज्याचा त्याने निवडायचा, साधने ज्याची त्याने शोधायची, शिक्षकाने केवळ वाट दाखवायची. सप्टेंबरात अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद भरते. २४ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांचा स्थापनादिन, त्या दिवशी प्रांगणात देशोदेशींचे ध्वज आणि पदार्थ मांडले जातात. मग दिवाळीची सुट्टी, परत आल्यावर क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, आणि डिसेंबरात वार्षिक नाट्यप्रयोग. गेल्या वर्षीच्या या सत्रात मुलांनी पोहण्यात आणि बुद्धिबळात पदके आणली, वादविवादाचा करंडक आणला, नाटकाला सभागृह अपुरे पडले. रंगीत अहवालात हे सारे छायाचित्रांसह आले, आणि त्याचा आनंद मलाही झाला.

या शाळेतील मुलांविषयी आपल्याकडे एक समज आहे, की ती सुखात लोळणारी आणि म्हणून काही न सोसलेली मुले आहेत. सुखसोयी आहेत, हे खरे. चाकण-तळेगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात आलेली कोरियन, जर्मन, जपानी कुटुंबे, परदेशातून परतलेली भारतीय कुटुंबे आणि शहरातील सधन घरे, अशी आमची पालकमंडळी. परंतु वडिलांची बदली झाली, की यांपैकी कित्येक मुलांचा गाव, भाषा आणि मित्र एका उन्हाळ्यात सुटतात. नववीतल्या एका मुलाची ती पाचवी शाळा होती. नव्या वर्गात तो कोणाशी फार जवळीक करीत नसे. ‘दोन वर्षांनी पुन्हा निरोपच घ्यायचा आहे,’ असे त्याने एकदा अगदी सहज सांगितले. ते ऐकताना मला आपल्या वसतिगृहातील पहिल्या रात्री आठवल्या. घरापासून दूर राहण्याचे दुःख फीच्या रकमेवर ठरत नाही. म्हणूनच अशा शाळेत कार्यक्रमांची एवढी दाटी असते. एकमेकांना अनोळखी असलेल्या मुलांना लवकरात लवकर एका कामाला जुंपावे, म्हणजे ती एकमेकांची होतात, हे त्यामागचे जुने शहाणपण आहे.

सप्टेंबरातील अभिरूप परिषदेचा विषय होता पाण्याचा अधिकार. प्रत्येक विद्यार्थ्याने एकेका देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचे असते, आणि तो देश बहुधा आपला नसतो. कोटाच्या बाह्या सावरीत मुले मोठ्या आत्मविश्वासाने बोलत होती. जुलै २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्वच्छता हा मानवी अधिकार असल्याचे मान्य केले, हा ठराव सर्वांना पाठ होता. परिषद संपल्यावर वर्गात मी त्यांना विचारले, की पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी लोकांनी प्रथम कोठे आणि केव्हा पाऊल उचलले असेल? उत्तरे आली ती दूरदेशीची. आमच्या शाळेपासून महाड मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे चवदार तळ्यावर हजारो माणसांसह गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव त्याआधीच झालेला होता, पण तो कागदावरच राहिला होता. आमसभेच्या ठरावाच्या त्र्याऐंशी वर्षे आधीची ही गोष्ट ऐकताना वर्गात शांतता पसरली. मग एका जर्मन मुलीने विचारले, ‘ठराव आधीच झाला होता, तर मग चालत का जावे लागले?’

आपल्या शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. ठराव आणि तळे यांमधले अंतर त्याच्या घरातल्या माणसांनी पायांनी कापलेले असते. तिकडच्या मुलीला मात्र हा प्रश्न पडायला एक परिषद, एक पदक आणि नंतर एक तास लागला. मला त्या सत्रातील खरी जमा ती वाटली. करंडक कपाटात गेला, हा प्रश्न तिच्याबरोबर राहिला. पुढे तिने आपल्या शोधनिबंधासाठी महाडचाच विषय घेतला.

या शाळांत सेवाकार्याला अभ्यासक्रमातच जागा दिलेली आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांतून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभे राहिले. पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला शारीरिक कष्ट आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणे यांवर त्याचा भर होता. १९६८ मध्ये जिनिव्हा येथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्या पदविकेत सर्जन, कृती व सेवा हा भाग अनिवार्य ठरला. पूर्वी यासाठी दीडशे तासांचा हिशेब ठेवावा लागे. नंतर तासांची मोजणी काढून टाकण्यात आली. आता अठरा महिने सातत्याने काम करावे आणि त्यात किमान महिनाभर चालणारा एक प्रकल्प असावा, अशी अपेक्षा असते. तास मोजले, की मुले तास भरण्याकडे पाहतात आणि माणसांकडे पाहायचे राहून जाते, हे अनुभवाने लक्षात आले असावे.

गेल्या सत्रात अकरावीची मुले डोंगरावरच्या एका वाडीत अशाच कामासाठी गेली. शाळेच्या भिंती रंगवल्या, वाचनालयासाठी पुस्तके दिली, छायाचित्रे काढली. दुपारी एका घराच्या ओट्यावर बसलो असता तिथल्या आजींनी सर्वांना गुळाचा चहा दिला आणि सहज विचारले, ‘लेकरांनो, आता परत कधी यायचं?’ मुलांनी माझ्याकडे पाहिले. वेळापत्रकात परत येण्याची तारीख नव्हती. मी काही बोलले नाही. प्रश्न त्यांना विचारलेला होता. परतीच्या प्रवासात त्यांची आपापसात बराच वेळ चर्चा चालली होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला, की नाताळच्या बाजारासाठी ठरलेला एक शनिवार आम्हाला वाडीसाठी द्यावा. तो मिळाला. दुसऱ्या खेपेस त्यांनी भिंती रंगवल्या नाहीत. आजींबरोबर विहिरीवर गेली, भरलेले हंडे उचलून पाहिले, आणि त्यांपैकी दोघांना घरापर्यंत हंडा नेता आला नाही. या दुसऱ्या खेपेचे छायाचित्र कोणी काढले नाही, त्यामुळे ती अहवालातही आली नाही.

येथे मला थोडे मागे जाऊन एक योगायोग आपल्यासमोर ठेवावासा वाटतो. जगातील पहिल्या आंतरराष्ट्रीय शाळांपैकी एक १९२४ मध्ये जिनिव्हा येथे सुरू झाली. पहिले महायुद्ध संपलेले होते, राष्ट्रसंघाची स्थापना झाली होती, आणि तेथे काम करण्यासाठी निरनिराळ्या देशांतून आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना एकत्र शिकता यावे, अशी तिची कल्पना होती. काल ज्यांचे बाप एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, त्यांची मुले आज एका बाकावर बसावीत, हा त्यामागचा विचार.

त्याच वर्षी आपल्याकडे काय घडत होते? साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्येच वसतिगृह सुरू केले आणि त्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्या मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. स्वतः शाहू महाराजांनी तर १९०१ पासूनच कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा सुरू केली होती. आणि २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक होते सोलापुरातील विद्यार्थी वसतिगृह, जे १९२५ च्या जानेवारीत सुरू झाले.

ही सभा स्थापन करणारे डॉ. आंबेडकर वर्षभरापूर्वीच लंडनहून परतले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्या मुलाचे नाव घातले गेले, तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आला होता. त्यांच्याइतके आंतरराष्ट्रीय शिक्षण त्या काळी या देशात किती जणांना लाभले असेल? ते घेऊन आल्यावर त्यांनी मुलांसाठी एक छप्पर, एक वेळापत्रक आणि दोन वेळचे जेवण उभे केले. परदेशातून काय आणावे आणि येथे काय उभारावे, याचा धडा मला त्यात दिसतो. जिनिव्हात राष्ट्रांमधल्या भिंती ओलांडल्या जात होत्या, साताऱ्यात आणि सोलापुरात जातींनी आणि दारिद्र्याने उभारलेल्या. दोन्ही ठिकाणी मुलेच एकत्र राहून आणि एकत्र जेवून त्या ओलांडत होती. आपली शाळा या दुसऱ्या घराण्यातली आहे, आणि हे घराणे पहिल्याहून वयाने लहान नाही की मानाने.

आता आपल्या सत्राकडे वळते. माझे आई-वडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. दसरा झाला, की मुकादमाची गाडी येई, आणि घेतलेली उचल फेडण्यासाठी त्यांचा कोयता पाच-सहा महिन्यांसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागे. त्यामुळे आपल्या शाळेचे दुसरे सत्र माझ्यासाठी नेहमीच आई-वडिलांविना गेले. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची हीच गत होती. विद्यार्थी दिन, संविधान दिन, सहा डिसेंबरची अभिवादन सभा, सावित्रीबाईंची जयंती, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीची परीक्षा, हे सारे गळिताच्या हंगामातच यायचे. आमच्या भाषणांना, लेझमीला, नाटकांना आमची माणसे समोर कधीच नसत. ती तेव्हा कोठल्यातरी फडात पाचट बाजूला सारीत असत, नाहीतर थंडीत कोपीच्या तोंडाशी शेकोटी करून बसलेली असत.

ही उणीव आपल्या शाळेने कशी भरून काढली, हे नव्या पिढीच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. संमेलनात पहिल्या रांगेत स्वयंपाकघरातील मावश्यांना बसवण्याची प्रथा होती. पाहुण्यांच्याही पुढे. त्या दिवशी दुपारीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून, धुतलेली लुगडी नेसून त्या येत. ज्या मुलाचे आई-बाप आलेले नसत, त्याचे नाव पुकारले गेले की त्या रांगेतून टाळी पडे. त्या टाळीवर आम्ही मोठे झालो. शिवाय पडदा ओढणे, बॅटरीवरचा ध्वनिक्षेपक सांभाळणे, सतरंज्या झटकून घडी घालणे, दुसऱ्या दिवशी मैदान झाडणे, ही कामेही आमचीच असत, आणि त्यांचीही नावे अहवालात वाचली जात. ‘पडदा : आठवी ब’ एवढेच असे, पण आठवी ब ताठ बसे.

गेल्या डिसेंबरात ही दोन सत्रे माझ्यासाठी एकाच दिवशी एकमेकांसमोर आली. आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या बसवर एक मावशी मदतनीस म्हणून काम करतात. लहान मुलांना हात धरून उतरवणे, कोणाची डबापिशवी राहिली का ते पाहणे, रस्त्यात उलटी झाली तर पुसणे, हे त्यांचे काम. त्या माझ्याच भागातल्या. ओळख निघाल्यावर त्या मला मॅडमऐवजी ताई म्हणू लागल्या, आणि माझ्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या मुलीला आपल्या निवासी शाळेत घातले. मुलगी तेव्हा आठवीत होती. संमेलनाचे सूत्रसंचालन तिच्याकडे आले होते. ते संमेलन आणि आमच्या शाळेचा नाट्यप्रयोग एकाच शनिवारी आला. प्रयोग संपल्यावर रात्री मुलांना घरोघर सोडायला बस निघणार, आणि बसमध्ये महिला मदतनीस असावीच लागते. त्यामुळे त्या दिवशी कोणालाही रजा मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

मावशी काही बोलल्या नाहीत. सांगितले, आणि कामाला लागल्या. मला मात्र ते गप्प राहणे ओळखीचे होते. माझी आईही मुकादमासमोर अशीच गप्प राहत असे. मी कार्यालयात जाऊन सांगितले, की त्या रात्री बसवर मदतनीस म्हणून मी जाते. थोडी कुरकूर झाली, पण परवानगी मिळाली. मावशी सकाळच्या एसटीने निघाल्या.

त्या रात्री बसमध्ये दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, की आज मावशी कोठे आहेत? मी सांगितले, की त्यांच्या मुलीच्या शाळेतही आजच कार्यक्रम आहे आणि त्या तो पाहायला गेल्या आहेत. तोंडाला अजून नाटकाचा रंग लागलेला तो मुलगा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, ‘मग दर वर्षी तिचा कार्यक्रम कोण बघतं?’ त्याच्या आधी हा प्रश्न आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही पडला नव्हता. यंदा शाळेने रजेचे वेळापत्रक करताना मदतनीस, चालक आणि स्वयंपाकघरातील माणसांना वर्षातून एक दिवस ‘मुलाच्या शाळेसाठी’ ठेवला आहे. विद्यार्थी मंडळानेच तशी मागणी केली होती, आणि अर्जावर पहिली सही त्या मुलाच्या मोठ्या बहिणीची होती.

सोमवारी मावशी परत आल्या. संमेलन कसे झाले, असे विचारले, तर नाच-नाटकाविषयी त्या फारसे काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ताई, पोरगी माइकवर म्हणली, कृपया सर्वांनी आपापल्या जागी बसावं. आन् एवढी माणसं बसली की हो! सरपंचसुद्धा बसले.’ सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी ‘बाजूला बस’ म्हणत आले, त्या घरातील तेरा वर्षांची मुलगी साऱ्या गावाला विनयाने बसायला सांगते आणि गाव बसते. हे कोणत्या परीक्षेच्या गुणपत्रिकेत दाखवता येईल?

कार्यक्रम कमी करण्याच्या सूचनेला माझे उत्तर या प्रसंगात आहे. त्या आंतरराष्ट्रीय शाळेतील मुलांना बोलायचे कसे, हे घरूनच येते. सत्रातील कार्यक्रम त्यांना ऐकायला, हंडा उचलायला आणि बसमधल्या मावशींना मुलगी आहे हे लक्षात घ्यायला शिकवतात. आपल्या मुलांना कष्ट आणि दुसऱ्याची जाणीव घरूनच येते. त्यांना कार्यक्रमांनी आवाज दिला पाहिजे. एकाच रंगमंचाची ही दोन निराळी कामे आहेत. परीक्षेची तयारी हवीच, त्याविषयी दुमत नाही. पण मुलाखतीच्या खोलीत शिरताना आपल्या मुलाचे पाय थरथरतात, ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. अनोळखी माणसांनी आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आहे, असा अनुभव गाठीशी नसतो, म्हणून. तो अनुभव खो-खोच्या मैदानावर, भित्तिपत्रकाच्या खाली लिहिलेल्या नावात आणि माइकसमोर मिळतो.

काही गोष्टी कमी कराव्यात, हे मला मान्य आहे. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत मुलांना दोन-दोन तास उन्हात बसवणे कमी करावे. हारतुऱ्यांचा वेळ कमी करावा. ज्या कार्यक्रमात मुले केवळ गर्दी म्हणून असतात, तो खुशाल बंद करावा.

आणि तिकडून काही घ्यायचेच असेल, तर तीन गोष्टी सुचवते. प्रत्येक मुलाची एक नोंदवही असावी. कार्यक्रमात आपण काय केले, काय अवघड गेले आणि पुढच्या वेळी काय निराळे करू, हे त्याने स्वतःच्या शब्दांत तीत लिहावे. पारितोषिक एकालाच मिळते, नोंद प्रत्येकाची होते. दुसरी गोष्ट, पालकसभेत शिक्षकांनी मुलाविषयी बोलण्याऐवजी मुलानेच पालकांना आपली प्रगती सांगावी. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांसाठी ही सभा दसऱ्याआधी घ्यावी, आणि हंगामात एकदा मोबाइलवरून संमेलन त्यांच्या कोपीपर्यंत पोहोचवावे. माझ्या वेळी ते शक्य नव्हते, आज आहे. तिसरी गोष्ट, नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक लहानसा शोधनिबंध लिहावा. विषय दूरचा नको. आपल्या गावात पाणी कोणी, कोठून, कधीपासून भरले, एवढा एक प्रश्न घेतला तरी त्यात इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्र येते. चार हजार शब्दांची गरज नाही. चारशे पुरेत, पण ते त्याचे असावेत.

नावाचा प्रश्न राहिला. पाटी बदलायला एक दिवस लागतो आणि थोडा खर्च येतो. पण आपली जुनी पाटी वाचून जी मुलगी एसटीतून उतरते, तिच्या आईला ती शाळा आपल्या ऐपतीतली वाटते, म्हणून ती दारात येते. नव्या शब्दाने ती फाटकाशीच थबकणार असेल, तर त्या शब्दाचा खर्च फार मोठा आहे. जग आपल्या मुलांपर्यंत जरूर यावे, इंग्रजीही उत्तम यावी, आणि आपल्या मुलांनी कोलंबियापर्यंत जरूर जावे. ते जातील तेव्हा आपण कोठल्या शाळेत शिकलो, हे सांगताना त्यांना तिचे आजचे नाव पुरेल, इतके काम आपण करू या.

स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेतील आजी-माजी शिक्षकांना, विशेषतः स्वयंपाकघरातील मावश्यांना, ज्यांनी परक्या लेकरांसाठी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या, माझे सविनय वंदन. येणाऱ्या सत्रांच्या अहवालांत पारितोषिकांची यादी लांबत जावो, आणि तिच्या खाली, न चुकता, पडदा कोणी ओढला याचीही नोंद राहो. सर्वांचे मंगल होवो.